मायाबाई आणि उन्हात येणारा दोष

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरात जो माणूस घराबाहेर पडतो, त्याला एक तर फार मोठं कारण असतं, नाही तर अक्कल नसते. आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीतली माया गेली आठ वर्षं नेमकी त्याच वेळी बाहेर पडते. डोक्याला आणि कानांना ओला दुपट्टा गुंडाळते, कुणाच्या तरी गाडीत बसते, काचा खाली करते, एसी बंद ठेवते आणि निघते. एसी का नाही, तर त्याच्या आवाजात गिअरबॉक्सची कुरकुर ऐकू येत नाही म्हणे. मी समोरच्या घरात कुलरपुढे बसून हे बघतो आणि दर उन्हाळ्यात तिच्यावर चिडतो. बावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात, मुलगी पुण्याहून फोन करून "आई, आता पुरे" म्हणते, आणि ही परक्या गाडीतला दोष यावा म्हणून लू खात फिरते.

मला गल्लीत नानाजी म्हणतात. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं तारा जोडून निवृत्त झालो. त्यामुळे माया काय करते ते मला कळतं असा माझा समज आहे. तिचा तसा समज नाही, पण सकाळी पेपर वाचायला मी तिच्याच दुकानात बसतो आणि ती मला उठवत नाही.

दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, आणि दिव्याखाली एखादी अॅल्युमिनियमची पेटी उघडी पडलेली. ही पेटी म्हणजे तिचं पोट. हल्लीच्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत एकाऐवजी दोन क्लच असतात. एक क्लच एक-तीन-पाच हे गिअर सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा आधीच तयार असतो, म्हणून गिअर कधी बदलला ते बसणाऱ्याला कळतही नाही. कोणता क्लच कधी पकडायचा आणि कधी सोडायचा हे ती पेटी ठरवते. आणि असली नाजूक वस्तू बनवणाऱ्यांनी ती बसवली कुठं, तर गिअरबॉक्सच्याच अंगावर, इंजिनाशेजारी. त्यांच्या गावात बर्फ पडत असेल. नागपुरात सत्तेचाळीस डिग्री असते.

पेटी बिघडली की कंपनीचं सर्व्हिस सेंटर सांगतं, आख्खी नवी घाला. ज्याला ते झेपत नाही तो फिरत फिरत मायाकडे येतो. माया आयटीआयला होती तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी. नंतर एकोणीस वर्षं तिनं सीताबर्डीला एका दुकानात टीव्ही दुरुस्त केले. लोक टीव्ही दुरुस्त करायचे थांबले, तेव्हा भंगारातून असल्या चार पेट्या उचलून आणल्या आणि फोडून फोडून शिकली. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर याच कामानं घर चाललं.

तिचा एकच हट्ट आहे. गाडीच्या कॉम्प्युटरात दोषाचा कोड नोंदलेला असतो, तो आधी उतरवून घेतल्याशिवाय ती कशालाही हात लावत नाही. आमच्याकडचे गॅरेजवाले उलटं करतात. छोटा स्कॅनर लावला, बटण दाबून कोड पुसला, समोरचा लाल दिवा विझला, गिऱ्हाईक खूश. माया यावरून कुणालाही झापते.

"रिपोर्ट फाडला तं पेशंट बरा होते काय गा?" असं विचारते, आणि समोरचा हसला की आणखी चिडते.

महादेवरावांची गाडी तिच्याकडे पहिल्यांदा आली ती जानेवारीत. महादेवराव खापरखेड्याचे. वय सहासष्ट, वीज केंद्राच्या भांडारात कारकून होते. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, तेव्हापासून पायाला लोखंडी कॅलिपर आणि हातात काठी. सायकल नाही, स्कूटर नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्यातली ऑटोमॅटिक गाडी घेतली, कारण तिला क्लचचं पेडल नसतं आणि सगळं उजव्या पायावर चालतं.

"साठ वर्षं दुसऱ्याच्या मांग बसून गेलो, ताई," त्यांनी मायाला सांगितलं होतं. "कोणाले म्हणायची सोय नाही का इथं थांब, मले हे झाड पाहाचं आहे."

आता ते थांबत. बायकोला, रंभाबाईंना, घेऊन रामटेकला तिच्या बहिणीकडे जात आणि वाटेत वाटेल तिथं थांबत. सहा वर्षं हे सुख चाललं. मग गाडी मधूनच गिअर सोडायला लागली. मायानं पेटी उघडली. आत चिकट जेलीखाली केसाएवढ्या तारांची ओळ असते, त्यातली एक जोडावरून सुटली होती. तिनं ती नवी जोडली, बाकीच्या भिंगाखाली तपासल्या, गाडी साठ किलोमीटर फिरवली आणि दिली. थंडीचे दिवस होते. महादेवराव पेढे देऊन गेले. मी तीन खाल्ले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले. गाडीनं नाही, बसनं. स्टॉपवरून आमच्या गल्लीपर्यंत काठी टेकत आले होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता. मायानं खुर्ची दिली, पाणी दिलं. बराच वेळ ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसले. मग बोलले.

पंधरा दिवसांपूर्वी खापरखेड्याच्या अलीकडे, रेल्वे फाटकापाशी, वीज केंद्रातली राख नेणाऱ्या टँकरांची रांग लागली होती. अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. फाटक उघडलं, रांग सुटली, यांनी अॅक्सिलरेटर दिला आणि गाडीनं ऐन रुळांच्या पुढं दगा दिला. इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म. मागचा टँकर सुटलेला होता, तो येऊन आदळला. वेग फार नव्हता, पण रंभाबाईंनी डॅशबोर्डला हात लावला आणि मनगट मोडलं.

"टँकरवाला धावत आला, त्यानं पाह्यलं तं गिअरची लिव्हर न्यूट्रलवर," महादेवराव म्हणाले. "धडकेनं इंजिन बंद पडलं, तेव्हा मीच न्यूट्रलवर टाकली ना, चालू कराले. पण त्याच्या आधी मी हात लावला नव्हता. पोरगा म्हणते, बाबा, चुकून लागला असन. सर्व्हिस सेंटरवाले म्हणते, कॉम्प्युटरमंधी काहीच नाही."

"असन कसं?" माया म्हणाली. "कोणी पुसलं?"

"गाडी उचलून नेली त्या गॅरेजवाल्यानं. दिवा विझवला म्हणे."

माया टेबलावरचा भिंगाचा दिवा बंद करून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"पुढच्या रविवारी गाडी घ्याले गिऱ्हाईक येऊन राहिलं," महादेवराव म्हणाले. "जाऊ द्या गाडी. पण ताई, मले एवढंच सांगा, मी हात लावला का नाही. आता मलेच वाटून राहिलं का लावला असन. घरच्या बाईले इचारलं, तू तरी सांग. ते म्हणते, मी खिडकीतून पाहून राहिली होती."

आणि पुन्हा त्यांनी तो डावा हात उलटा-सुलटा करून बघितला. मला ते बघवलं नाही. मी पेपर तोंडासमोर धरला.

ते गेल्यावर माया म्हणाली, "नानाजी, काकाजीची चूक नसन, तं चूक माझी आहे. जानेवारीत मी काही तरी सोडलं."

मी तेव्हा जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "मग कशाला उकरतेस? गाडी विकली जातेय. म्हातारा घरी बसेल, सुखी राहील. तुझं नाव खराब होणार नाही." आमच्या खात्यात असंच होतं. तक्रार आली की जाऊन फोनमध्ये डायल टोन आहे का बघायचा. त्या घटकेला टोन असला की 'तपासता ठीक आढळले' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पावसात पुन्हा लाइन जाईल हे आम्हालाही माहीत असे.

मायानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं महादेवरावांच्या मुलाला फोन लावला.

मुलगा अंकुश सोमवारी सकाळी गाडी घेऊन आला. खरं सांगायचं तर मी त्याच्याशी भांडायच्या तयारीत होतो. पण तो वाईट नव्हता. घाबरलेला होता. आईचा हात प्लास्टरमध्ये आणि बाप रुळांपाशी अडकलेला, हे ज्यानं फोनवर ऐकलंय त्याला मी काय शिकवणार?

"मावशी, पाहा तुम्ही," तो म्हणाला. "दोष निघाला तं मी बाबाची माफी मागीन. पण नाही निघाला, तं रविवारी गाडी जाईन. मले त्याईले गमवाचं नाही."

त्याच दिवशी नवतपा लागला. उन्हाळ्यातले हे सगळ्यात कडक नऊ दिवस आमच्याकडे लोक मोजून काढतात. मायाला मात्र हेच हवे होते. तिनं ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला, लॅपटॉप गाडीला जोडून शेजारच्या सीटवर ठेवला आणि दुपारी एकला निघाली. पडद्यावर पेटीचं तापमान दिसतं, दोन्ही क्लचचे आकडे दिसतात. दोष आला की एखादा आकडा उडतो.

सोमवारी ती कामठी रोडनं गेली. मंगळवारी रिंग रोडला चकरा मारल्या. बुधवारी थेट रामटेकला जाऊन आली. गुरुवारी पुन्हा कामठी रोड. काही झालं नाही. गाडी लोण्यासारखी पळत होती. रोज साडेचारला परत यायची तेव्हा तिचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झालेला असे. पन्ह्याचा तांब्या तोंडाला लावायची, फरशीवर पाणी शिंपडायची आणि तिथंच आडवी व्हायची.

शुक्रवारी ती आली आणि पन्हंसुद्धा प्यायली नाही.

"थकली मी, नानाजी," ती फरशीवरूनच म्हणाली. "दोष दिसला तं मी राती-बेराती काम करीन. पण जो दिसतच नाही ना, त्याची वाट पाहून पाहून माणूस मरते. उद्या शनिवार. काय सांगू मी काकाजीले? गाडी ठीक आहे, तुमचाच हात लागला?"

"सांग," मी म्हणालो. मलाही वैताग आला होता. "पाच दिवस झाले. आणि तुला काय, दुपारी रस्त्यावर काळं कुत्रं नसतं. सुसाट जातेस, सुसाट येतेस. ऊन लागलं तरी वारा तरी लागतोच की."

माया उठून बसली.

"काय म्हटलं तुम्ही?"

"काय म्हटलं? वारा लागतो म्हटलं."

"तेच तं!" तिनं कपाळावर हात मारला, आणि चांगला जोरात मारला. "पेटीलेही वारा लागून राहिला ना! मी मोकळ्या रस्त्यानं पळवून राहिली. काकाजी रांगेत होते. अर्धा तास मुंगीच्या पावलानं. क्लच अर्धा धरलेला, घासून राहिला, वारा बिलकुल नाही. पेटी तिथं तापली असन, मोकळ्या रस्त्यावर कशी तापन? पाच दिवस मी त्या पेटीले हवा घालून राहिली, येडी मी!"

एकतीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी कुलरपुढून बघत होतो, माया उन्हात धावून दोष शोधत होती, आणि दोष उन्हात उभं राहिल्यावर येणारा होता.

शनिवारी सकाळी मायानं अंकुशला फोनवर सांगितलं की गाडी महादेवरावच चालवतील. त्याच रांगेत, त्याच वेळी. अॅक्सिलरेटरवर तिचा पाय वेगळा पडतो, त्यांचा वेगळा. अंकुशनं साफ नकार दिला. मग म्हणाला, मी मागं बसेन. मग माया माझ्याकडे वळून म्हणाली, "नानाजी, तुम्हीही चला, साक्षीले." नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण ती तोवर गाडीला लॅपटॉप जोडायला गेली होती.

आम्ही खापरखेड्याला महादेवरावांच्या घरी पोचलो. रंभाबाई ओट्यावर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर. नवरा गाडीत बसतोय हे बघून त्या आत गेल्या. महादेवरावांनी काठी मागं माझ्याकडे दिली. मग स्टेअरिंग हातात घेतलं.

दीड वाजता फाटकाच्या अलीकडे राखेच्या टँकरांची रांग लागलेलीच होती. आम्ही तिच्या शेपटीला लागलो. पुढं टँकर, मागं टँकर, मध्ये आम्ही चौघं, काचा खाली. राख नाकात, राख दातांत. दहा पावलं सरकायचं, थांबायचं, पुन्हा दहा पावलं. माया लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे वाचत होती. ब्याऐंशी. एक्याण्णव. अठ्ठ्याण्णव. पाच दिवसांत पेटी ब्याऐंशीच्या वर गेली नव्हती. अंकुश माझ्या शेजारी पुढं वाकून बापाच्या हातांकडे बघत होता. मी देवाला मानतो की नाही हे माझं मलाच नक्की ठाऊक नाही, पण त्या दिवशी मी बसल्या जागी प्रार्थना केली की, बाबा रे, ही गाडी बिघडू दे.

"एकशे सहा," माया म्हणाली.

रांग सरकली. महादेवरावांनी अॅक्सिलरेटर दिला. इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही.

समोर गिअरचा आकडा लुकलुकायला लागला. महादेवरावांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले आणि तसेच हवेत धरून ठेवले, पोलिसांनी पकडल्यासारखे. लिव्हर 'डी'वर होती, पुढं जायच्या गिअरवरच. अंकुशनं ती बघितली. मीही बघितली.

"पाहा," महादेवराव म्हणाले. "पाहा, मी हात नाही लावला. नाही लावला ना मी हात?"

"नाही, बाबा," अंकुश म्हणाला, आणि मागून त्यानं बापाच्या खांद्यावर कपाळ टेकवलं.

मागचे टँकर भोंगे वाजवत होते. मी दार उघडून खाली उतरलो आणि हात हलवून त्यांना बाजूनं जायला सांगितलं. काय काय शिव्या खाल्ल्या, पण इतक्या आनंदानं मी आयुष्यात शिव्या खाल्ल्या नव्हत्या. परत येऊन बघतो तर माया पडद्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा पत्ता नव्हता.

"काकाजी," ती म्हणाली, "आतल्या शाफ्टचा वेग मोजते ना, त्या सेन्सरचा आकडा उडाला. जानेवारीत जी तार मी जोडली, तिच्या शेजारची तार. तेव्हा ती धरून होती. थंडीत मले भिंगाखाली चांगली दिसली, म्हणून मी सोडली. तापली का सुटते, थंड झाली का पुन्हा टेकते. सगळ्या जोडाच्या होत्या मी. माझ्या सोडण्यानं काकूचा हात मोडला."

अर्ध्या तासानं पेटी थंड झाली आणि गाडी काहीच न घडल्यासारखी चालू लागली.

अंकुशनं वाटेतूनच फोन करून गिऱ्हाईकाला गाडी विकायची नाही असं सांगितलं.

त्यानंतरचे आठ दिवस मायानं त्या पेटीवर घातले. ओळीतल्या बावीसच्या बावीस तारा काढून नव्या जोडल्या. डोळे चुरचुरायला लागले की भिंग बाजूला सारून थंड पाण्याची पट्टी ठेवायची आणि पुन्हा बसायची. मग तिनं तिची शेवटची परीक्षा घेतली. ही दुसरीकडे कुठं घेत असतील असं मला वाटत नाही. आमच्या गल्लीत घरांवर टिनाचं छप्पर आहे, उन्हाळ्यात त्यावर पाय ठेवला तर कातडी निघते. शेजारणी त्याच टिनावर कुरडया वाळत घालतात. मायानं कुरडयांच्या शेजारी पेटी ठेवली, तारा खाली दुकानात सोडल्या आणि वरून लोखंडी घमेलं पालथं घातलं. तीन दुपारी पेटी घमेल्याखाली तापत होती आणि ही खाली आकडे बघत होती. एकही उडाला नाही. चौथ्या दुपारी पेटी गाडीत बसवून ती पुन्हा त्या रांगेत जाऊन आली. एकटीच गेली. मला विचारलं होतं, मी या खेपेला ऐकू न आल्यासारखं केलं.

गाडी न्यायला महादेवराव आणि रंभाबाई अंकुशबरोबर आले. मायानं किल्ली दिली आणि किल्लीबरोबर एक कागद दिला. दुकानाचा शिक्का मारलेला होता. मी तिला आदल्या दिवशी म्हणालो होतो, तोंडानं सांगितलंस ना, मग लिहून कशाला देतेस, उद्या कुणी दाखवेल कुणाला. ती म्हणाली, कॉम्प्युटरातलं लिहिलेलं पुसलं म्हणून तं हे झालं ना, नानाजी.

महादेवरावांनी चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचला. 'फाटकाजवळ गाडी बंद पडली ती गिअरबॉक्सच्या पेटीतल्या दोषामुळे. तो दोष माझ्या दुरुस्तीत राहून गेला होता. चालवणाऱ्याची काही चूक नव्हती.' खाली मायाची सही.

त्यांनी घडी घालून तो कागद लायसन्सच्या पाकिटात ठेवला. मला वाटलं, झालं. संपलं. चहा सांगावा.

तेवढ्यात रंभाबाई बोलल्या. जानेवारीपासून मी त्यांना तीनदा बघितलं होतं, पण त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मायाबाईनं आपली चूक लिहून देल्ली," त्या म्हणाल्या. "मले तेवढं लिहिता येत नाही. मी तोंडानंच सांगते." त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, प्लास्टरकडे बघत होत्या. "मी खिडकीतून नव्हती पाहून राहिली. मी समोरच पाहून राहिली होती. तुमचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मी पाह्यलं होतं."

अंकुश म्हणाला, "आई!"

"मले त्या गाडीची भेव वाटे. पहिल्या दिवसापासून वाटे. मी म्हटलं, सुटते तं सुटू दे, घरी तरी राहतीन. म्हणून म्हटलं, मले नाही दिसलं." आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चांगल्या हातानं त्या ते पुसत नव्हत्या. "पण तुम्ही दिवसभर आपलाच हात पाहत बसान, हे मले काय माहीत होतं?"

माया आत निघून गेली. मला जाता आलं नाही, कारण मी खुर्चीत बसलो होतो आणि उठलो असतो तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. महादेवराव काठीवर भार देऊन उभे होते. मला त्या बाईचा राग आला होता आणि तिची दयाही येत होती, आणि मीच मायाला म्हणालो होतो की म्हातारा घरी बसेल, सुखी राहील, हे आठवून माझी मान खाली गेली होती.

"भेव वाटत होती, तं मले सांगाचं होतं वं," महादेवराव शेवटी म्हणाले.

"सांगतलं असतं तं तुम्ही थांबले असते काय? एकटे गेले असते."

ते काठी टेकत गाडीच्या डाव्या बाजूला गेले आणि पुढचं दार उघडून धरलं.

"बस," ते म्हणाले. "ऊन लागून राहिलं."

रंभाबाई बसल्या. अंकुश मागं बसला. महादेवराव फिरून आपल्या जागेवर आले, कॅलिपरचा पाय हातानं उचलून आत घेतला, गाडी सुरू केली आणि लिव्हर 'डी'वर टाकली. मग त्यांनी डावा हात लिव्हरवरून उचलला, बायकोला नीट दिसेल असा तिच्यापुढं धरला, आणि स्टेअरिंगवर ठेवला.

रंभाबाईंनी त्या हाताकडे बघून मान डोलावली. गाडी हळूहळू गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि वळली.